अंथरुणाला खिळलेलं माणूस घरी आणताना

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या आजी, पॅरालिसिसचा झटका आलेले बाबा किंवा स्मृतिभ्रंश वाढत जाऊन आता उठणंच बंद झालेली आई. हॉस्पिटल काही दिवसांनी ‘घरी न्या’ म्हणतं, आणि तिथे तीन पाळ्यांमध्ये चार-पाच माणसं जे करत होती ते सगळं घरातल्या एकाच माणसावर येऊन पडतं. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे सून, मुलगी किंवा स्वतःच साठी ओलांडलेली बायको. मी नर्स आहे. घरोघरी जाऊन हे काम करते आणि घरच्यांना शिकवते. जिथे जिथे घरची सेवा कोलमडताना पाहिली, तिथे माया भरपूर होती आणि झोप अजिबात नव्हती. म्हणून पुढचं सगळं वाचताना आणि ठरवताना एक प्रश्न समोर ठेवा: आज रात्री कोण जागणार आणि ते माणूस उद्या कधी झोपणार?

डिस्चार्जच्या आधीचे दोन दिवस

सुट्टी मिळणार म्हटल्यावर सगळी धावपळ बिलाच्या आणि इन्शुरन्सच्या कागदांसाठी होते. ते एकाने बघावं. जे माणूस घरी सेवा करणार आहे, त्याने हे दोन दिवस वॉर्डमध्ये सिस्टरच्या बाजूला उभं राहायचं. नुसतं बघायचं नाही, ‘तुमच्यासमोर मला एकदा करू द्या’ म्हणायचं. कुशीवर वळवणं, डायपर बदलणं, नाकातल्या नळीतून भरवणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, इन्सुलिन टोचणं, यातलं जे लागू असेल ते. सिस्टर घाईत असतात, पण एकदा विचारलंत तर बहुतेक जणी दाखवतात.

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा आणि डॉक्टरांकडून या गोष्टी लिहून घ्या: कुठली गोळी किती दिवस आणि कधी थांबवायची, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आणि नाकातली नळी कुठल्या तारखेला बदलायची, पाणी किती द्यायचं, कारण हृदयाच्या किंवा किडनीच्या काही रुग्णांना ते मोजून द्यावं लागतं, पायावर वजन टाकू द्यायचं की नाही, फिजिओथेरपिस्ट कधीपासून, आणि रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कुणाला करायचा. घरी आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांची पिशवी बरोबर नेऊन दाखवा. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा पोटात जाताना मी अनेक घरांत पाहिलंय.

खोली आणि सामान

खोली संडास-बाथरूमच्या जवळची, उजेडाची आणि घरातल्या वावराला लागून असलेली हवी. ‘त्रास नको’ म्हणून मागची शांत खोली दिली जाते आणि माणूस दिवसभर छताकडे बघत पडतं. हॉलमध्ये पलंग टाकायला संकोचू नका. पाहुण्यांना काय वाटेल यापेक्षा आजींना दाराशी आलेली भाजीवाली दिसणं महत्त्वाचं.

सामान लगेच विकत घेऊ नका. महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक शहरात आणि बऱ्याच तालुक्यांच्या गावी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. एखादी सेवाभावी संस्था, गणेश मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा देवस्थान ती चालवतं. अनामत रक्कम ठेवून नाममात्र भाड्याने फाउलर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मिळतं. डोक्याकडची बाजू वर करता येणारा बेड घ्याच. साध्या पलंगावर वाकून वाकून सेवा करणाऱ्याची कंबर जाते. एअर मॅट्रेस मात्र शक्यतो नवी घ्या, कारण जुनीत हवा नीट टिकत नाही. तिचा पंप चोवीस तास विजेवर चालतो, तेव्हा लोडशेडिंगच्या गावात तो इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडून घ्या.

बाकी लागतं ते साधं: अंडरपॅड, डायपर, जुन्या मऊ सुती साड्या आणि चादरी, पाच-सहा लहान-मोठ्या उशा, झाकणाची बादली, हातमोजे, थर्मामीटर, बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर, मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर. आणि एक दोनशे पानी वही. त्या वहीबद्दल पुढे सांगते.

माणूस ठेवायचं तर कोण?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण पांढरा कोट घातलेल्या कुणालाही घरी ‘सिस्टर’ म्हणतात. कामाच्या दृष्टीने दोन वेगळी माणसं आहेत. एक, आयाबाई किंवा मावशी, पुरुष रुग्ण असेल तर मामा. अंग पुसणं, डायपर, भरवणं, कूस बदलणं, चालवणं हे त्यांचं काम. यांतल्या काहींनी जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केलेला असतो, बऱ्याच जणी कामातूनच शिकलेल्या असतात. दुसऱ्या, शिकलेल्या नर्स: एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या. शिरेतून इंजेक्शन, घशातल्या ट्यूबचं सक्शन म्हणजे कफ ओढून काढणं, कॅथेटर बदलणं, खोल जखमेचं ड्रेसिंग हे नर्सचंच काम. मावशी कितीही अनुभवी असल्या तरी हे त्यांच्याकडून करून घेऊ नका. तसंच घरी माणसं पुरवणारा ब्यूरो नर्सचे पैसे लावून बिनशिकलेली मुलगी पाठवत असेल तर नोंदणी क्रमांक मागा. खरी नर्स तो आनंदाने दाखवते.

रुग्णाला नळ्या नसतील, जखम नसेल, तर चोवीस तास नर्सची गरज नाही. मावशी आणि आठवड्यातून एक-दोनदा येणारी नर्स एवढं पुरतं आणि परवडतं.

ब्यूरोशी बोलताना रक्कम ठरवण्याआधी हे विचारा: ड्युटी बारा तासांची की चोवीस, महिन्यातून सुट्ट्या किती आणि त्या दिवशी बदली माणूस कोण देणार, कमिशन एकदाच की दरमहा, मावशीच्या हातात नक्की किती पडतात. शेवटचा प्रश्न आगाऊ वाटेल, तरी विचारा. तुम्ही देता त्यातला मोठा वाटा मधेच कापला जात असेल तर मावशी टिकणार नाहीत. आधार कार्डाची प्रत घ्या, पोलिस पडताळणी करून घ्या, दागिने आणि एटीएम कार्ड आधीच हलवून ठेवा, म्हणजे पुढे संशयाला जागा उरत नाही.

चोवीस तासांच्या मावशी म्हणजे चोवीस तास जागं माणूस, असा हिशेब करू नका. त्यांना दिवसा दोन-तीन तास अखंड आणि रात्री सलग झोप लागते. निजायला स्वतःची जागा, घरातलंच ताजं जेवण, वेळेवर चहा आणि नावापुढे ‘मावशी’ किंवा ‘ताई’. ज्या घरात मावशींना वेगळा कप असतो, त्या घरात महिन्या-दीड महिन्याने नवी मावशी शोधताना मी लोकांना पाहते.

आणि मावशी ठेवल्या तरी घरातल्या निदान दोघांना सगळं काम आलं पाहिजे. दिवाळीत, गणपतीत, लग्नसराईत त्या गावी जाणारच.

पाठ सांभाळणं

या लेखातलं एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी चालेल. एकाच जागी दाब पडत राहिला की तिथला रक्तपुरवठा थांबतो, कातडी आणि खालचं मांस मरतं आणि बेडसोअर होतं. काही तासांत सुरू झालेली जखम भरायला महिने जातात. जागा ठरलेल्या: माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याचं मागचं हाड, डोक्याची मागची बाजू, कुशीवर असताना कानाची पाळी.

दर दोन तासांनी कूस बदला: डावी, पाठ, उजवी. एअर मॅट्रेस असली तरीही. पूर्ण आडव्या कुशीवर ठेवलंत तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन साधारण तीस अंशांत कलतं ठेवा. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटरीखाली उशी अशी द्या की टाचा अधांतरी राहतील. टाचेखालून हात सहज सरकला तर उशी बरोबर बसली. रबरी गोल रिंग देऊ नका. तिच्या कडेनेच दाब पडतो.

वळवण्याची पद्धत सविस्तर सांगते, कारण इथेच कंबरा जातात. पलंगावर मूळ चादरीवर, खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी दुसरी चादर दुहेरी करून आडवी घाला. आधी सांगा, ‘आई, आता तुम्हाला डावीकडे वळवतेय हं.’ ऐकू येत नाही असं वाटलं तरी सांगा, नाहीतर दचकून अंग ताठ होतं. दोघं असाल तर दोन बाजूंना उभे राहा. पलंग आधी कमरेच्या उंचीला घ्या, गुडघे किंचित वाकवा, आडव्या चादरीच्या गुंडाळ्या करून रुग्णाच्या अंगालगत घट्ट धरा आणि ‘एक, दोन, तीन’वर उजव्या कडेला सरकवा, म्हणजे वळल्यावर माणूस पलंगाच्या मध्यावर येतं. मग त्यांचा उजवा गुडघा वाकवा, उजवा हात छातीवर आणा, आणि डाव्या बाजूला उभ्या असलेल्याने एक हात खांद्यामागे, एक हात खुब्यामागे ठेवून स्वतःकडे वळवावं. फरफटत ओढू नका. कातडी चादरीला घासली की सोलवटते. पॅरालिसिस झालेल्या बाजूचा हात धरून किंवा काखेत हात घालून कधीही ओढायचं नाही, त्याने खांदा निखळतो. खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर कुठल्या बाजूला वळवायचं आणि पाय कसा ठेवायचा हे सर्जनला विचारूनच.

रोज अंग पुसताना दिव्याच्या उजेडात या सगळ्या जागा बघा. लाल चट्टा दिसला तर बोटाने दाबून सोडा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोअरची सुरुवात आहे. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा काळपट, गरम, टणक किंवा पिलपिलीत लागणारी जागा शोधा. त्या जागेवर आता अजिबात वजन नको, मालीश नको, स्पिरिट-पावडरही नको. कातडी फुटली असेल तर हळद, राख, कुणी सुचवलेली पूड असलं काही न भरता नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवा. कशाने ड्रेसिंग करायचं हे जखम बघूनच ठरतं.

ओल ही पाठीची दुसरी शत्रू. डायपर भरण्याची वाट न बघता दर तीन-चार तासांनी तपासा, संडास झाली की लगेच बदला. बायकांना पुढून मागे पुसा. कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडं करा, घासू नका.

लाज

याबद्दल घरात कुणी बोलत नाही. आयुष्यभर सुनेसमोर बनियनवर न बसलेले सासरे आणि त्यांचा डायपर बदलायला उभी राहिलेली सून, दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं होतं. पुष्कळ वृद्ध मग पाणी कमी पितात, संडास दाबून ठेवतात, आणि त्यातून लघवीचं इन्फेक्शन आणि बद्धकोष्ठ. एका घरी आजोबांनी सुनेला नुसतं ‘तू नको, त्याला बोलाव’ म्हटलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवसापासून त्यांच्या मुलाने सकाळ-संध्याकाळची स्वच्छता आपल्याकडे घेतली आणि ऑफिसची वेळ त्याप्रमाणे जुळवली. मुलग्यांनो, हे काम शिकायला अर्धा तास लागतो.

दार लावा, पडदा ओढा, जेवढा भाग स्वच्छ करायचा तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर ठेवा. काम चालू असताना तोंडाने दुसरं काहीतरी बोलत राहा. ‘परत केलंत का?’ हे वाक्य घरातून हद्दपार करा.

खाणं, पिणं, नळ्या

तोंडाने खाणाऱ्याला बसवून भरवा, किमान टेकून उठतं तरी. हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, आधीचा घास गिळला की मगच पुढचा. पॅरालिसिसमध्ये तोंडाची एक बाजू बधिर असते आणि गालात घास साठून राहतो, म्हणून जेवणानंतर तोंडात बघा. पातळ पाण्याने ठसका लागणाऱ्यांना पेज, मऊ गुरगुट्या भात, मुगाचं दाट कढण, नाचणीचं सत्त्व असं घट्टसर बरं जातं. दर वेळी ठसका, जेवताना आवाज घोगरा होणं, जेवणानंतर छाती घरघरणं ही अन्न श्वासनलिकेत जात असल्याची लक्षणं आहेत. तसं दिसलं तर जबरदस्ती न करता डॉक्टरांना सांगा. ‘दोन घास तरी खा’ या आग्रहातून न्यूमोनिया झालेले रुग्ण आम्ही नेहमी बघतो.

दात नसले तरी तोंड दिवसातून दोनदा स्वच्छ झालंच पाहिजे. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा. घाणेरड्या तोंडातले जंतू छातीत उतरतात.

नाकातली नळी असेल तर: नाकपुडीपाशी नळीवर जी खूण किंवा आकडा आहे तो रोज बघा. खूण सरकली असेल, नळी घशात गुंडाळलेली दिसत असेल, तर काहीही घालू नका. भरवताना डोक्याची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर हवी, आणि नंतरही निदान अर्धा-पाऊण तास तशीच. गाळलेलं, कोमट, एका वेळी साधारण दोनशे मिलिलिटर, पिचकारीचा दांडा न दाबता आपोआप खाली उतरू द्यायचं. आधी आणि नंतर वीस-तीस मिलिलिटर पाणी. खोकला, धाप किंवा उलटी आली की तिथेच थांबा. नळी निघून आली तर पुन्हा आत सरकवण्याचा प्रयत्न घरच्यांनी करायचा नाही. आणि सगळ्या गोळ्या कुटून घालता येत नाहीत. हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्या कुटल्या तर सगळा डोस एकदम अंगात जातो. केमिस्टला प्रत्येक गोळीचं विचारा.

कॅथेटरची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या, म्हणजे ओटीपोटाच्या, पातळीखाली, पण जमिनीला न टेकता. व्हीलचेअरवर बसवताना ती मांडीवर ठेवतात, तेव्हा लघवी उलटी आत जाते. नळी मांडीला चिकटपट्टीने सैलसर बांधा. चार-पाच तास पिशवीत काहीच आलं नाही तर आधी नळीला पीळ पडलाय का बघा, आणि तरीही नाही तर नर्सला बोलवा.

इन्सुलिनवाल्यांसाठी एकच इशारा. टोचल्यावर ‘मला नको’ म्हणून ताट सरकवलं तर साखर धोकादायक उतरते. ताट समोर आल्याशिवाय सुई नको, आणि त्या दिवशी खाणं कमी असेल तर डोसाचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. ग्लुकोमीटरवर सत्तरच्या खाली आकडा आला, माणूस शुद्धीवर आहे आणि गिळू शकतंय, तर लगेच साखरेचं पाणी. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

ती वही

आता वहीबद्दल. एका पानावर एक दिवस. उभ्या रकान्यांत वेळ, आणि पुढे: काय खाल्लं, किती प्यायलं, लघवी, संडास, कूस कुठली, औषध दिलं का आणि कुणी, ताप, बीपी, साखर. मावशींना लिहिता येत नसेल तर खुणा ठरवा. डॉक्टरांना ‘बरं वाटत नाहीये त्यांना’ सांगण्यापेक्षा ‘तीन दिवस संडास नाही, कालपासून लघवी निम्मी, रात्री बडबड’ हे सांगितलं की फोनवरसुद्धा निम्मं निदान होतं. पाळी बदलताना वही वाचूनच पुढच्याने काम हातात घ्यायचं.

बिथरणं, आणि धोक्याच्या खुणा

काल नीट बोलणारी आई आज अचानक भिंतीवर माणसं दिसतात म्हणते, कपडे ओढते, दिवसा झोपते आणि रात्री ओरडते. याला ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. एक-दोन दिवसांत झालेला असा बदल बहुतेक वेळा अंगातल्या दुसऱ्या आजाराने होतो: लघवीचं इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, नवी गोळी. म्हाताऱ्या माणसांत इन्फेक्शन असूनही कधी कधी ताप येत नाही, हे फार थोड्या घरांना ठाऊक असतं. स्मृतिभ्रंश मात्र महिन्या-वर्षांच्या चालीने येतो. दोन्हींत वाद घालणं व्यर्थ. ‘मला घरी जायचंय’ म्हणणाऱ्या आजीला ‘हेच तुमचं घर’ असं पटवत बसण्यापेक्षा त्या घराबद्दल विचारा: अंगण होतं का, विहीर होती का, कोण कोण राहायचं. चष्मा आणि कानाचं मशीन चढवून बघा. कधी कधी गोंधळ तेवढ्यानेच निम्मा होतो.

या खुणा दिसल्या तर मात्र वाट न बघता १०८ ला फोन: तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, धाप, हलवूनही नीट जागं न होणं, फिट, काळी डांबरासारखी संडास. पॅरालिसिसमध्ये रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून ‘शेवटचं नीट कधी पाहिलं’ ती वेळ लिहून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेलं माणूस डोक्यावर पडलं तर वरून काही दिसत नसलं तरी हॉस्पिटल.

पैसा आणि कागद

सत्तरी पार केलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. ऑक्टोबर २०२४ पासूनची ही योजना वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत खर्च उचलते, पण भरती होऊन घेतलेल्या उपचारांचाच. घरच्या मावशींचा आणि डायपरचा खर्च त्यात येत नाही. तो महिन्याचा खर्च वेगळा मांडा आणि भावंडांनी बसून वाटून घ्या, पहिल्याच महिन्यात. उत्पन्न कमी असेल तर तहसील कार्यालयात श्रावणबाळ या वृद्धांच्या पेन्शन योजनेची चौकशी करा. पॅरालिसिसने कायमचं अपंगत्व आलं असेल तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करा.

बँकेत जाता येत नाही म्हणून पेन्शन अडकते. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, आणि सत्तरीपुढच्यांना घरपोच बँकिंगची सोय द्यावी अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. शाखेत जाऊन त्या सूचनांचा उल्लेख करा. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून किंवा पोस्टमनकडून घरीच होतो. मुखत्यारपत्राबाबत सावध राहा: करून देणाऱ्याचं भान गेलं की साधं मुखत्यारपत्र कायद्याने संपतं. स्मृतिभ्रंशाचं निदान नुकतंच झालं असेल, तर नॉमिनीची नोंद, जॉइंट खातं, मृत्युपत्र ही कामं आत्ताच वकिलाशी बोलून उरका.

‘मला यंत्रांवर ठेवू नका’ असं आई-वडील म्हणत असतील तर ते लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. आजार बरा होणारा नसेल, तर वेदना आणि धाप कमी करणारी पॅलिएटिव्ह सेवा लवकर गाठा, शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. कॅन्सरच्या रुग्णांसाठी पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर, मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन आणि टाटा मेमोरियलचा विभाग आहे. शेवट घरीच व्हावा असं ठरलं असेल तर फॅमिली डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. मृत्यूच्या कारणाचा दाखला तेच देणार, आणि तो नसेल तर स्मशानात अडवतात.

जी करते तिची झोप

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. रात्रीच्या दोन पाळ्या करा: दहा ते दोन आणि दोन ते सहा. एकटीच असाल तर नर्सशी बोलून बघा, चांगली एअर मॅट्रेस असेल आणि पाठ निरोगी असेल तर रात्रीचं अंतर थोडं वाढवता येतं का. पैसे एकाच पाळीपुरते असतील तर मावशी रात्रीसाठी ठेवा, दिवसासाठी नको. आठवड्यातून एक अर्धा दिवस घराबाहेर, आणि तो कॅलेंडरवर लिहिलेला.

लांब राहणाऱ्या भावंडांनी, मग ती बंगळुरूला असोत की न्यू जर्सीला, सल्ले देण्याआधी कामं उचलावीत. औषधं आणि डायपर ऑनलाइन मागवणं, मावशींचा पगार, इन्शुरन्सचे फोन, रिपोर्ट डॉक्टरांना पाठवणं हे सगळं तिकडून होतं. वर्षातून एकदा पंधरा दिवस येऊन वहिनीला माहेरी पाठवणं हेही. व्हिडिओ कॉलवर ‘बाबा बारीक झालेत गं’ म्हणू नका. तिला ते रोज दिसतंय.

चिडचिड होते, हात उचलावासा वाटतो, रडू येतं. तसं झालं की रुग्णाला सुरक्षित कुशीवर ठेवा आणि खोलीबाहेर या, कुणाला तरी फोन करा. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते आणि ती सेवा करणाऱ्यांनाही मार्ग सांगते. वृद्धाला घरात मारहाण किंवा उपासमार होत असेल तर तक्रारही तिथेच.

आणि घरी निभत नसेल तर शुश्रूषा केंद्राचा विचार करण्यात पाप नाही. आधी पंधरा दिवसांसाठी ठेवून बघा. केंद्र निवडताना न कळवता, दुपारी तीनच्या सुमारास जा. रात्री किती रुग्णांमागे किती माणसं आणि नर्स मुक्कामी असते का, ते विचारा. जेवणाचा तक्ता आणि कूस बदलल्याची नोंद दाखवा म्हणा. मग तिथल्या दोन-तीन रुग्णांची नखं, ओठ आणि टाचा बघा. नखं कापलेली, ओठ ओलसर आणि टाचा उशीवर अधांतरी असतील तर पुढची बोलणी करा.